‘बाण’ कीं तीर? चाकणच्या वेढ्यांतील शस्त्रांच्या वर्णनांविषयीं

संग्रामदुर्ग ऊर्फ चाकणचा भुईकोट शाएस्तेखानानें इ. स. १६६० च्या पावसाळ्यांत घेतला. त्या वेढ्याचीं जीं मराठी वर्णनें शाळांतून शिकविलीं जातात व व्याख्यानांतून ऐकूं येतात, तीं पुष्कळशीं एकमेकांवरून उतरलेलीं आहेत. आणि त्यांत एक वाक्य बहुधा असतेंच, कीं बुरूज उडाल्यावर मराठ्यांनीं शत्रूवर बाणांचा वर्षाव केला. हें वाक्य खोटें नाहीं. परंतु तें वाचून वाचकाच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें तें मात्र खोटें आहे. आणि त्या खोट्या चित्राच्या प्रसारास आमचाही हात लागलेला असल्यामुळें तें पुसण्याचें काम आमच्याकडेच येतें.

आम्ही चिंचवडास राहतों. नोकरींत असतांना तीस वर्षांवर संस्कृत शिकविलें, आणि इतिहासाचे शिक्षक रजेवर असले म्हणजे इतिहासही शिकविला. गेल्या पावसाळ्यांत आमच्या भागांतील एका शाळेच्या प्रदर्शनांत चाकणच्या वेढ्याचा एक भला मोठा फलक मुलांनीं रंगविलेला पाहिला. तटावर मावळे उभे. प्रत्येकाच्या पाठीवर भाता, हातीं कानापर्यंत ओढलेलें धनुष्य. खालीं मोंगल शिपाई डोक्यावर ढाली धरून वांकलेले. चित्र सुबक होतें, पण तें चाकणपेक्षां लंकेला अधिक शोभलें असतें. चित्रकारांपैकीं एकाला आम्हीं विचारलें, “बाळ, हीं धनुष्यें कोठून आणलींस?” तो म्हणाला, “सर, पुस्तकांत बाण लिहिलेत. मग धनुष्य नको का?”

या तर्कांत चूक काढणें शक्य नव्हतें. पण घरीं येतां येतां आम्हांस फार जुनी एक गोष्ट आठवली. आमच्याच वर्गांत याच प्रसंगाचा धडा चालू असतां चाकणकडील एका मुलाला बाण म्हणजे काय असें विचारलें होतें. “दिवाळींतला, बाटलींत उभा करून सोडतात तो,” असें त्यानें सांगितलें. वर्ग हंसला, आम्हीही हंसलों, आणि अमरकोशांतील बाणाचे पर्याय दहा वेळां लिहून आणावयास त्याला सांगितलें. आज आमची खात्री झाली आहे कीं उत्तर त्या मुलाचेंच बरोबर होतें. तें कसें, हें वाचकांस सांगावयाचें आहे.

प्रथम वेढ्याची हकीकत थोडक्यांत. चाकण हें पुण्याच्या उत्तरेस सुमारें १८ मैलांवर, जुन्नरकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. किल्ला डोंगरी नव्हे, भुईकोट. भोंवतीं तट, बुरूज आणि खंदक. पंधराव्या शतकाच्या मध्यास बहामनी सरदार मलिक-उत्तुजार यानें कोंकणच्या स्वारीसाठीं येथेंच ठाणें केलें होतें, आणि विशाळगडाच्या रानांत त्याची फौज कापली गेल्यावर वांचलेले परदेशी शिपाई याच कोटाच्या आश्रयास परतले. पुढें मालोजी भोसल्यांकडे पुणें-सुपें आलें तेव्हां शिवनेरीबरोबर हा किल्लाही त्यांच्याकडे आला. म्हणजे डोंगराचा आसरा नसतांही या कोटाचें महत्त्व दोन शतकें टिकून होतें.

शाएस्तेखान १६६० च्या मे महिन्यांत पुण्यास आला. जूनच्या १९ तारखेस निघून २१ तारखेस तो चाकणपुढें उतरला, आणि किल्ल्याच्या चारी अंगांस मोर्चे बसले. आंत फिरंगोजी नरसाळा किल्लेदार होता. त्याची शिबंदी तीन-साडेतीनशेंची होती असें परंपरा सांगते. खानानें मोठ्या तोफा आणवून दमदम्यांवर चढविल्या, पण कोट पडेना. तेव्हां त्यानें उत्तरेकडील आपल्या मोर्च्यापासून ईशान्येच्या बुरुजाखालीं सुरुंग नेला, आणि १४ ऑगस्ट रोजीं तिसऱ्या प्रहरीं तो उडविला. बुरूज आणि त्यावरील माणसें उडालीं. मोंगल धांवून गेले तों खिंडाराच्या आंत मातीचा दुसरा उंच बांध तयार असलेला त्यांना दिसला. त्या रात्रीं ते खिंडारांतच अडकून राहिले. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं मुख्य कोट घेतला; आंतील बालेकिल्ला राव भाऊसिंग हाडा याच्या मध्यस्थीनें स्वाधीन झाला. मोंगलांचीं २६८ माणसें मेलीं व ६०० जखमी झालीं. हे आंकडे मोंगलांच्याच दरबारी इतिहासांतील, म्हणजे महंमद काजिमच्या आलमगीरनाम्यांतील आहेत, कै. जदुनाथ सरकारांनीं आपल्या शिवचरित्रांत सगळी हकीकत त्याच आधारानें दिली आहे.

(येथें एक गोष्ट ओघानें सांगून टाकतों. ‘किल्ला पडला तो १५ ऑगस्टलाच’ असें म्हणून कांहीं वक्ते या तारखेवर पुष्कळ बोलतात. शिवकालीन प्रसंगांच्या रूढ इंग्रजी तारखा जुन्या गणनेच्या आहेत. आजच्या गणनेनें त्यांत दहा दिवस मिळवावे लागतात. तेव्हां या योगायोगावर भाषणें रचूं नयेत.)

आतां मुद्द्याची गोष्ट. खिंडाराच्या आंतील बांधावरून मराठ्यांनीं कशाचा मारा केला? जदुनाथांनीं चार वस्तू सांगितल्या आहेत: अग्निबाण, बंदुकीच्या गोळ्या, दारूचे गोळे आणि दगड. यांत धनुष्यानें सोडावयाच्या तिराचा उल्लेख नाहीं. मराठींत हें वर्णन उतरतांना अग्निबाणांतील ‘अग्नि’ गळाला व ‘बाण’ राहिला. उतरविणाऱ्याचा यांत फारसा अपराध नाहीं, कारण त्या काळच्या दक्षिणेंत व हिंदुस्थानांत या अस्त्राचें नांव नुसतें ‘बाण’ किंवा ‘बान’ असेंच होतें. लोखंडी नळींत दारू ठांसून ती वेळूच्या काठीस बांधावयाची व बत्ती देऊन सोडावयाची, असें तें अस्त्र. धनुष्यानें सोडावयाचा तो ‘तीर’, त्याचें धनुष्य ती ‘कमान’, आणि सोडणारा तो ‘तिरंदाज’. व्यवहारांत हे दोन शब्द दोन वस्तूंकरितां वेगळे होते. घोटाळा झाला तो पुढें, तीर शब्द मागें पडून त्याची जागा पुन्हा संस्कृत बाणानें घेतली तेव्हां.

याला पुरावा काय, असें विचारणाऱ्यापुढें आम्ही प्रथम रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र ठेवूं. १७१५ च्या सुमाराच्या या ग्रंथांत दुर्गांविषयींचें जें प्रकरण आहे, त्यांत दारूखाना कसा असावा, कोठें असावा, विस्तवापासून किती दूर असावा याचा विचार केला आहे. तेथें दारूबरोबर बाण आणि होके यांचीही व्यवस्था सांगितली आहे: त्यांना सरदी लागूं देऊं नये, आठा-पंधरा दिवसांनीं हवालदारानें स्वतः येऊन तीं सर्व बाहेर काढवावीं, ऊन द्यावें, आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावीं. आतां विचार करा. वेताच्या किंवा बोरूच्या काडीस लोखंडी टोंक लावलेला तीर कोणता शहाणा हवालदार दारूच्या कोठारांत ठेवील, आणि पंधरवड्यास उन्हांत कशाला घालील? सरदीची भीति दारूला असते. हें प्रकरण आम्हीं अनेकदां वाचलें होतें. राज्यनीति म्हणून वाचलें, गद्यशैलीचा नमुना म्हणून मुलांस वाचून दाखविलें. पण बाण उन्हांत कां घालावयाचे हा प्रश्न आम्हांला कधीं पडला नाहीं. तो पडण्यास त्या फलकावरील धनुष्यें पाहावीं लागलीं.

होके म्हणजे ओढावयाचा हुक्का नव्हे, हेंही सांगून ठेवणें बरें. हुक्का म्हणजे मुळांत डबी किंवा लहान भांडें. त्यांत दारू भरून, वात पेटवून, हातानें शत्रूच्या अंगावर फेंकावयाचा तो होका. जदुनाथांनीं सांगितलेले दारूचे गोळे ते हेच असावेत असें आम्हांस वाटतें.

दुसरा साक्षीदार परदेशी आहे. बर्निए या फ्रेंच वैद्यानें १६५८ च्या सामूगढच्या लढाईचें वर्णन केलें आहे, म्हणजे चाकणच्या अवघें दोन वर्षें आधींचें. सैन्याच्या फळींत ठिकठिकाणीं ‘बाण’ फेंकणारीं माणसें उभीं केलीं होतीं असें तो लिहितो, हाच शब्द वापरून. आणि आपल्या देशांतील वाचकांस कळावें म्हणून बाण म्हणजे काठीस बांधलेला एक प्रकारचा दारूचा गोळा असा खुलासा करतो. यांनीं माणसें कधीं कधीं मरत, पण मुख्य उपयोग घोडे बुजविण्याचा, असें त्यानें म्हटलें आहे. बाणाचा नेम धड लागत नसे. परंतु धूर, आवाज व आगीची शेपटी यांपुढें घोडा उभा राहत नाहीं, आणि अरुंद खिंडारांत दाटीनें शिरलेल्या माणसांवर सोडावयाचा असेल तर नेमाची गरजही पडत नाहीं. पुढें हैदर व टिपू यांनीं याच अस्त्राची लोखंडी नळी सुधारून इंग्रजांस १७८० मध्यें पोळिलूरास जेरीस आणलें, आणि तें पाहून इंग्लंडांत काँग्रीव्हनें आपलीं अग्निबाणें तयार केलीं, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. म्हैसूरच्या बाणांचें कौतुक करणारे लोक चाकणच्या बाणांना मात्र भाता बांधतात, याचें नवल वाटतें.

ही चूक कोठून आली? आमच्या मतें ती आमच्यासारख्या संस्कृत शिकलेल्या लोकांकडून आली. ज्याला बाण म्हटलें कीं शर, विशिख, मार्गण, पत्री, इषु अशी माळ तोंडांतून आपोआप बाहेर पडते, त्याला त्या शब्दांत दारू ठांसलेली दिसणें कठीण. चाकणकडील तो मुलगा अमरकोश शिकला नव्हता, म्हणून त्याला दिसली. अमरसिंहाच्या क्षत्रियवर्गांत अस्त्रांचीं नांवें आहेत तीं त्याच्या काळचीं व त्याच्या पूर्वींच्या काव्यांतील; तीं सतराव्या शतकाच्या दारूखान्याच्या यादीस लावणें म्हणजे आजोबांच्या अंगरख्याच्या मापानें नातवाचे कपडे बेतणें होय.

या बाबतींत कवींद्र परमानंदाचें शिवभारत फार सावधपणें वाचलें पाहिजे. १९२७ सालीं कै. सदाशिव महादेव दिवेकरांनीं तें भाषांतरासह प्रसिद्ध केल्यापासून शिवकालाच्या अभ्यासकांस त्याचा मोठा आधार झाला, आणि तो योग्यच आहे. परमानंद समकालीन होता, माणसांचीं नांवें, कुळें व मुक्काम यांची माहिती त्यास चांगली होती. पण त्याचें काव्य भारताच्या वळणाचें आहे. चाकणला तो चक्रावती करतो, तेथें शस्त्रांना मूळ देशी नांवानें कसा राहूं देईल? त्याच्या युद्धवर्णनांतील धनुष्यबाणांवरून मराठी पायदळ तिरंदाजीवर लढत होतें असें अनुमान काढणें, हें रघुवंशावरून गुप्तांच्या सैन्याची हजेरी भरण्यासारखें आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. अफजलखानाच्या भेटीच्या प्रसंगीं परमानंद महाराजांच्या एका हातांत कृपाण व दुसऱ्या हातांत पट्टिश देतो. कोशांत पाहावें तर पट्टिश म्हणजे तीक्ष्ण धारेचा भाला. कोणी त्याला त्रिशूळाच्या जातीचा म्हणतात. पण येथें त्याचा अर्थ पट्टा हाच घेतला पाहिजे: कोपरापर्यंत हात झांकणारी लोखंडी मूठ आणि तींत बसविलेलें लांब, सरळ, दुधारी, लवतें पातें. सभासदानें याच भेटीच्या वेळीं बरोबरच्या माणसांपाशीं पट्टा, फिरंग व ढाल होती असें लिहिलें आहे, यावरून हें शस्त्र तेथें होतें याविषयीं शंका राहत नाहीं. म्हणजे परमानंदानें जुन्या शब्दांत नवी वस्तु घातली; ध्वनि जुळला तेवढ्यावर. बाणाचेंही तसेंच झालें आहे. तेव्हां शिवभारत टाकाऊ आहे असें आमचें म्हणणें नाहीं; त्यांतील प्रत्येक शस्त्रनाम दुसऱ्या एखाद्या गद्य साधनाच्या शेजारीं ठेवून मगच वापरावें, एवढेंच आहे. याच भेटींत महाराजांपाशीं स्वतःपाशीं काय होतें याविषयीं तर सभासद बिचवा आणि वाघनखें सांगतो. एकाच घटनेचीं दोन जवळचीं साधनें जेथें एका माणसाच्या हातांतील शस्त्राविषयीं जुळत नाहींत, तेथें तिसऱ्यानें निश्चयानें बोलूं नये. २०२४ च्या जुलैंत लंडनच्या संग्रहालयांतून वाघनखें साताऱ्यास पाहावयास आणलीं तेव्हां लोकांची रीघ लागली. तीं ग्रँट डफच्या मालकीचीं होतीं हें ठीक. पण तींच तीं, याला पुरावा नाहीं असें त्या संग्रहालयानेंच म्हटलें होतें. इतकी रीघ एखाद्या संग्रहालयांतील बाणाच्या गंजलेल्या नळीपुढें कधीं लागेल असें दिसत नाहीं.

या चुकीची एक उलटी चूकही आहे, आणि ती आमच्या संस्कृत पंडितांना अधिक प्रिय आहे. ती म्हणजे प्रत्येक जुन्या शब्दांत दारू पाहणें. गुस्ताव ओपर्ट या जर्मन पंडितानें १८८० सालीं पुस्तक लिहून प्राचीन हिंदूंजवळ बंदुका व दारू होती असें शुक्रनीतीच्या आधारें प्रतिपादिलें. शुक्रनीतींतील तो भाग, किंबहुना ती सबंध पोथीच फार अर्वाचीन आहे हें पुढें विद्वानांनीं दाखविलें. आपल्याकडे दारूच्या शस्त्रांचा खरा इतिहास ज्यांनीं साधनें जमवून लिहिला त्यांत भांडारकर संस्थेचे कै. परशुराम कृष्ण गोडे यांचें नांव आधीं घेतलें पाहिजे. त्यांनीं १४५० नंतरच्या काळापासून आरंभ केला, आग्नेयास्त्रापासून नव्हे. पुराणांतील बाणांत दारू भरणारे आणि शिवकालीन बाणांतून दारू काढून घेणारे, दोघेही एकच गोष्ट विसरतात: शब्द तोच राहतो आणि वस्तु बदलते.

हें आपल्याकडेच घडलें असेंही नाहीं. बंदूक हा शब्दच पाहा. अरबींत तो मुळांत एका फळाचा, मग त्या आकाराच्या गोळीचा वाचक आहे, आणि ती गोळी आरंभीं गलोलीसारख्या धनुष्यानें मारीत. धनुष्य गेलें, नळी आली, नांव राहिलें. इंग्रजींतील ‘आर्टिलरी’ म्हणजे आज तोफखाना. परंतु १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत योनाथान आपली ‘आर्टिलरी’ पोराजवळ देतो ती धनुष्य आणि तीर आहेत. तो वेंचा वाचून योनाथानाच्या पोराच्या खांद्यावर तोफ रंगविणारा चित्रकार इंग्लंडांत कोणी निघाला असेल असें वाटत नाहीं.

युरोपचा विषय निघालाच आहे तर तेथील मध्ययुगीन सरदारांचा व आमच्या शिपायांचा जो संबंध वारंवार जोडला जातो, त्याविषयीं दोन शब्द. शिलेदार हा आपला ‘नाइट’ असें पुष्कळांस म्हणावयास आवडतें. शब्दाचा अर्थ पाहतां साम्य आहे. सिलाह म्हणजे शस्त्र, तें बाळगणारा तो शिलेदार, आणि घोडा व हत्यार त्याचें स्वतःचें, बारगिरासारखें सरकारचें नव्हे. पण फ्रान्सचा लोखंडानें मढलेला सरदार १३४६ मध्यें क्रेसीस व १४१५ मध्यें आझिंकूरास इंग्रज पायदळाच्या लांब धनुष्यापुढें कोलमडला, ही गोष्ट येथें आणून मावळ्याच्या हातीं धनुष्य देण्यास ती कारण होऊं शकत नाहीं. तेथें स्वारांची मिजास तिरानें उतरविली. येथें तें काम डोंगरानें, बंदुकीनें आणि रात्रीच्या छाप्यानें केलें. खरा संबंध आहे तो तरवारीच्या पात्याचा. ‘फिरंग’ म्हणजे फिरंग्यांच्या मुलखांतून आलेलें सरळ पातें. सोलिंगेनसारख्या ठिकाणीं घडलेलीं पातीं समुद्रानें येत व आपल्याकडे त्यांस देशी मूठ बसे. नाइटाच्या तरवारीची पणती मावळ्याच्या कमरेस होती, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं. चाकणच्या किल्लेदाराचें नांवही फिरंगोजी असावें, हा मात्र केवळ योगायोग.

आक्षेप येईल कीं मोंगल तर तिरंदाज होते. होते, मोंगल स्वाराचें तें कुलपरंपरेचें हत्यार, आणि मराठी सैन्यांतही तिरंदाज मुळींच नव्हते असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु शिंग, स्नायु व सरस यांची जोड-कमान ओलींत सैल पडते, आणि चाकणचा वेढा २१ जून ते १५ ऑगस्ट असा, मावळाच्या ऐन पावसांत झाला आहे. दारूही ओलींत बिघडते हें खरें. आणि याच ठिकाणीं, आमच्या मतें, बाण शब्दाचा खरा अर्थ लावल्यानें वेढ्याच्या इतिहासांत भर पडते. केवळ चित्राची दुरुस्ती होत नाहीं.

पंचावन्न दिवस. भुईकोट, खालीं खंदक, वरून पाऊस. आज्ञापत्र म्हणतें आठा-पंधरा दिवसांनीं दारूस ऊन द्या. पावसाळ्यांतील त्या दोन महिन्यांत चाकणास ऊन किती दिवस पडलें असेल, हें या भागांत राहणाऱ्यास सांगावयास नको. आमच्या घरीं त्या दिवसांत पापड वाळत नाहींत. असें असतां चोपन्नाव्या दिवशीं बुरूज उडाल्याबरोबर फिरंगोजीच्या लोकांनीं बाण सोडले, होके फेंकले, बंदुका डागल्या, आणि ते पेटले. शेंकडों मोंगल त्या माऱ्यानें व दुसऱ्या दिवशींच्या हातघाईनें मेले वा जखमी झाले. याचा अर्थ किल्ल्यांत दारू कोरडी होती. ती कोरडी ठेवणारे हात होते. कोठाराचें छप्पर शाकारणारे, माच हलविणारे, शेगडीजवळ नेऊं न देणारे, मुद्रा तपासणारे. अमात्यांनीं जो नियम अर्धशतकानंतर लिहून ठेवला, तो कोणत्या तरी किल्ल्यांवर आधीं पाळला गेला असलाच पाहिजे; चाकण त्यांपैकीं एक होता असें म्हणण्यास हा वेढा आम्हांस पुरेसा आधार वाटतो. बाण म्हणजे तीर असें धरलें कीं हें सर्व नाहींसें होतें. मग उरतात ते नुसते शूर धनुर्धर, जसे प्रत्येक काव्यांत असतात.

खिंडाराआडच्या बांधाचेंही असेंच आहे. सुरुंग येत आहे हें आंतल्यांनीं ओळखलें, कोठें येत आहे हेंही ओळखलें, आणि पावसांत चिखल वाहून बांध उभा केला. या कामाचें हत्यार कुदळ व पाटी. त्यांचीं नांवें कोणत्याही शस्त्रवर्गांत नाहींत.

सुरुंग शब्दाची गोष्ट मात्र सांगण्याजोगी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ‘सुरुंगा’ आहे. तिला कांहीं पंडित ग्रीक ‘सीरिंग्स’ शब्दापासून आणतात. पण ती भुयारी वाट. तिच्यांत दारू नाहीं. बाणासारखाच हाही शब्द जुना राहिला आणि आंत नवीन वस्तु आली. अग्निपुराणांतील धनुर्वेदांत युद्धाचे पांच प्रकार सांगितले आहेत: यंत्रमुक्त, पाणिमुक्त, मुक्तसंधारित, अमुक्त आणि बाहुयुद्ध. आम्हीं हौसेनें चाकणचीं शस्त्रें त्यांत बसवून पाहिलीं. बंदूक यंत्रमुक्तांत गेली. होका व दगड हे पाणिमुक्त. तरवार, पट्टा हे अमुक्त. मराठ्यांचा विटा, म्हणजे दोरी बांधलेला आखूड भाला, फेंकून पुन्हा ओढून घेतां येई. तो मुक्तसंधारितांत इतका नेमका बसला कीं पुराणकारानें तो पाहिलाच असावा असें क्षणभर वाटलें. बाणाला यंत्र नाहीं, तो स्वतःच यंत्र. तरी ओढूनताणून पहिल्या वर्गांत घातला. पण ज्यानें किल्ला पडला तो सुरुंग कोणत्याच वर्गांत जाईना. तो सोडावयाचा नसतो, हातांत धरावयाचा नसतो. चोपन्न दिवस जमिनीखालीं खणावयाचा असतो. पांच वर्गांची ही मांडणी आम्हीं वर्षानुवर्षें मुलांकडून पाठ करून घेतली आहे.

शिवकालीन राज्यव्यवहारकोशाच्या दहा वर्गांत शस्त्रवर्ग स्वतंत्र आहे. तो कोश यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठीं रचलेला, म्हणजे प्रत्येक नांवाच्या शेजारीं त्या काळीं चालू असलेलें नांव ठेवणारा. पुढें कोणी तरुण अभ्यासकानें तो शस्त्रवर्ग, आज्ञापत्राचें दुर्गप्रकरण आणि पेशवे दप्तरांतील किल्ल्यांच्या जिन्नसांच्या यादी यांची एकत्र पडताळणी करून शस्त्रनामांची सूचि तयार केली, तर तिचा उपयोग संशोधकांपेक्षां शाळामास्तरांना अधिक होईल. आमचे डोळे आतां तें काम करूं देत नाहींत.

मध्यंतरीं आम्ही चाकणास जाऊन आलों. मोटारींच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या मालगाड्यांची रांग चुकवून गांवांत शिरावें लागतें. तट बराचसा ढांसळला आहे. जें उरलें आहे त्यांत घरें शिरलीं आहेत. ईशान्येच्या कोपऱ्याकडे बराच वेळ उभे राहिलों. तेथून परत आल्यावर त्या शाळेंत जाऊन चित्रकार मुलांना भेटलों, आणि धनुष्यें पुसून काय काढावें हें फळ्यावर काढून दाखविलें: मातीचा बांध, त्यावर टेंकवलेल्या वेळूच्या काठ्या, काठीच्या डोक्याशीं बांधलेली नळी, जवळ पेटता तोडा धरून बसलेला एक माणूस, आणि मागें ताडपत्रीऐवजीं घोंगडीखालीं झांकलेल्या मडक्यांची रास. मुलांनीं विचारलें, घोंगडी कशाला? आम्ही म्हणालों, पाऊस पडतो आहे, तोही चित्रांत काढा.